डूख

“कुकर लावू का?” शालननं आतून विचारलं.

“थांब जरा. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो.”

मी चपला पायात सरकवल्या. उजवा हात छातीपाशी धरलेला, पंजा हवेत मोकळा, कशाला लागू नये असा. शर्टाची डावी बाही अंगात आणि उजवी पाठीमागं लोंबत असलेली. मी दारापर्यंत पोहोचलो तोच शालन पदराला हात पुसत आडवी आली.

“कुकर लावायच्या वेळेलाच तुमचं बाहेर काम निघतं रोज,” ती म्हणाली. “कधीची बघतीय मी. इकडं डाळ शिजती आणि तुम्ही गावभर. काय भानगड आहे?”

“काही नाही. पाय मोकळे करतो.”

“माझ्याकडं बघून सांगा.”

तिच्याकडं बघून सांगण्यासारखं ते नव्हतं. पण त्या दिवशी मी इतका थकलो होतो की खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

“आवाज झाला की हात पेटतो,” मी म्हणालो.

“कसला आवाज?”

“कुकरचा. शिट्टीआधी तो सुस्कारा टाकतो बघ, लांब. तो ऐकला की इथं निखारा ठेवल्यागत होतं. आवाज थांबला तरी जात नाही.”

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिच्या तोंडावरचा रंगच उतरला.

“घोणशीचा आवाज,” ती हळूच म्हणाली.

मी मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या घरात डाळ उघड्या पातेल्यात शिजायला लागली.

आजऱ्यात माझं मोटारी रिवायंडिंग करायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप, गिरणीच्या मोटारी, सगळं माझ्याकडं यायचं. आणि दुसरी ओळख म्हणजे साप धरणारा सदू दोरुगडे. मी आणि इकबाल नाईकवाडी, दोघं मिळून धरायचो. इकबालचा टेम्पो होता. फोन आला की तो टेम्पो वळवून दुकानासमोर उभा करायचा, मी शटर ओढायचो आणि निघायचो. धरलेला साप लांब जंगलात नेऊन सोडायचा. शाळांतून बोलवायचे तेव्हा मी पोरांना सांगायचो, साप दूध पीत नाही, साप पुंगीवर डोलत नाही, आणि साप डूख धरत नाही. त्याच्या मेंदूत तेवढी जागाच नसते. पोरं हसायची, मास्तरही हसायचे.

भाताच्या मळणीनंतर एका खळ्यावर पिंजराच्या, भाताच्या पेंढ्याच्या ढिगात ती घोणस बसली होती. जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके. तिनं आधी सांगितलं होतं मला. घोणस सांगते, अंग फुगवून असा लांब फुत्कार सोडते की लांबच्या माणसालाही ऐकू जावा. मी शेकडो वेळा ऐकलेला आवाज. त्या दिवशी साप धरायची आकडी पिंजरात अडकली आणि मी ती सोडवायला उजवा हात घातला. अंगठ्याच्या मुळाशी घोणस चावली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. टेम्पोचा हादरा, इकबालचं सारखं “भाऊ, डोळं मिटू नका” म्हणणं, सलाईनच्या बाटल्या. हात कोपरापर्यंत सुजला, डॉक्टरांनी कातडी चिरून आतला दाब मोकळा केला. मूत्रपिंडं वाचली, जीव वाचला, हातही वाचला. जखम भरली. टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही बरे.

आणि मग हात दुखायला लागला.

दुखणं म्हणजे काय हे तोवर मला माहीत नव्हतं असंच म्हणायला हवं. पंख्याचा वारा लागला तरी भाजायचं. चादरीची कड लागली की तोंडातून ओरड निघायची. पंजा कधी लालबुंद, कधी निळा पडायचा. कातडी तुळतुळीत झाली, घामानं सतत ओली. तपासण्या झाल्या, फोटो झाले. सगळीकडं एकच उत्तर, जखम भरलेली आहे. गोळ्यांनी झोप यायची, दुखणं जायचं नाही. हळूहळू लोकांच्या डोळ्यांत मला दिसायला लागलं की यांना हे नाटक वाटतंय. त्याचं वाईट वाटायचं. पण खरी भीती वेगळीच होती. निव्वळ आवाजानं हात कसा भाजेल? सापाचं चित्र असलेलं कॅलेंडर बघून का भाजावा? रस्त्यात पडलेली दोरी दिसली तरी का? मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

आईनं विचारलंच नाही. तिला कानांनी कमी ऐकू यायचं, त्यामुळं तिचं बोलणं मोठ्यानं, शेजारच्या घरात जाईल असं. कुकर बंद का झाला हे तिनं शालनकडून काढून घेतलं, आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“डूख धरलाय तिनं तुझ्यावर,” आई म्हणाली.

“आई, तसलं काही नसतं.”

“आँ?”

“नसतं म्हटलं तसलं काही!”

“मग हात का जळतोय? जखम तर भरली न्हवं? भरल्या जखमंला कोण चावतंय रोज?”

मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो. पण त्या दिवसापासून अंथरुणात पाय घालायच्या आधी मी चादर झटकायला लागलो. न्हाणीत जाताना दार ढकलून थोडा वेळ थांबायला लागलो. शाळेतल्या पोरांसमोर हसणारा मी, दिवसाढवळ्या स्वतःच्या घरात, कोपऱ्याकोपऱ्यात बघत चालायला लागलो. ती आहे, कुठंतरी आहे, आणि तिला माझा हात माहीत आहे.

शेवटी मी इकबालला म्हणालो, “कोल्हापूरला चल. हात काढून टाकायचाय.”

इकबालनं टेम्पो बाजूला घेऊन बंदच केला. “काय बोलालाय, भाऊ?”

“कोपरापासून. नसला तर दुखणार नाही. एका हाताचीही माणसं जगतात.”

त्यानं किल्ली काढून मुठीत धरली. मग म्हणाला, “जाऊया. पण डॉक्टर नाही म्हणाले तर पुन्हा दुसरा डॉक्टर शोधायचा नाही, ते सांगतील तसं करायचं. शब्द द्या.”

मी शब्द दिला.

मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननं सगळे कागद बघितले, माझ्याकडं बघितलं, आणि हात न लावता दोन्ही बाजूंनी पंजा निरखला. मग ते म्हणाले, “मी हा काढला, तरी तुमचं दुखणं इथंच राहील.” त्यांनी माझ्या पंजाच्या जागी, हवेत, बोट दाखवलं. “हात नसेल आणि हात दुखत असेल. तेव्हा तुम्ही कुणाकडं जाल? तळमजल्यावर फिजिओथेरपीच्या बारदेस्कर मॅडम आहेत. आधी त्यांना भेटा.”

मी जिना उतरायला लागलो. हात काढूनही दुखेल. म्हणजे सुटका नाहीच.

बारदेस्कर मॅडम आमच्याच बाजूच्या, गडहिंग्लजकडच्या निघाल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं रोखठोक. त्यांनी मला एका टेबलाशी बसवलं. टेबलावर लाकडी खोका होता, त्याच्या एका अंगाला आरसा. उजवा हात त्यांनी खोक्यात ठेवायला सांगितला, म्हणजे तो मला दिसेना. डावा हात आरशासमोर.

“आता आरशात बघा. कुठला हात दिसतोय?”

मी बघितलं. आरशात उजवा हात होता. चिरल्याच्या खुणा नसलेला, माझा पहिला उजवा हात.

“मी डाव्या हाताला ब्रश लावणार आहे,” त्या म्हणाल्या. “डाव्या. तुम्ही फक्त आरशात बघत राहा.”

रंगाचा मऊ ब्रश होता. त्यांनी तो माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हलकेच फिरवला.

मी किंचाळलो. खुर्ची मागं पडली. उजवा हात खोक्यात पेटला होता, तिथंच, अंगठ्याच्या मुळाशी, आणि त्याला कुणीही हात लावलेला नव्हता. दारातून इकबाल धावत आला.

“काय केलं तुम्ही यांना?”

“काहीच नाही,” मी म्हणालो. “काहीच केलं नाही रे त्यांनी. हाताला काही लागलंच नाही.”

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. इतका मी त्या घोणशीला घाबरलो नव्हतो. न लागता दुखतं, म्हणजे एक तर मला वेड लागलंय, नाही तर आई म्हणते ते खरं. दोन्हीतलं कुठलं बरं, हेही मला ठरवता येईना. बारदेस्कर मॅडम बाहेर आल्या आणि माझ्या डाव्या बाजूला बसल्या.

“वेड लागलं असं वाटतंय ना?”

मी उजवा पंजा छातीपाशी ओढून घेतला.

“तुमचं दुखणं खरं आहे. मला तुमच्या हाताचा घाम दिसतोय, रंग दिसतोय. हे सोंग करून येत नाही. पण ते आता जखमेतून येत नाही. घरात एकदा चोरी झाली की राखणीचा कुत्रा पोस्टमनवरही भुंकतो. पाव्हण्यावर भुंकतो, पान पडलं तरी भुंकतो. त्याचं भुंकणं खोटं असतं का? त्याला खरंच चोर दिसत असतो.”

“आई म्हणते सापानं डूख धरलाय,” मी म्हणालो. कुणा शिकलेल्या माणसासमोर मी हे पहिल्यांदाच बोललो.

मला वाटलं त्या रागावतील. त्या विचारात पडल्या.

“डूख धरलाय हे खरंच आहे, भाऊ. सापानं नाही एवढंच. त्याला तुम्ही आठवतही नसाल. तुमच्या मेंदूनं आणि शिरांनी मिळून धरलाय. त्यांना वाटतंय ते तुम्हाला वाचवतायत.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “आणि नुसतं बघून दुखू शकतं, तर नुसतं बघून कमीही होऊ शकतं. आत चला. पुन्हा बसायचंय.”

मला आत जायचं नव्हतं. इकबालला दिलेला शब्द होता म्हणून गेलो.

घरी शालननं कपाटाचा आरसा काढून खोका करून घेतला. रोज मी त्याच्यासमोर बसायचो. आधी नुसतं बघायचं. मग डावा पंजा उघडायचा, मिटायचा, आणि आरशातला उजवा उघडतोय, मिटतोय, काही होत नाहीये, हे बघत राहायचं. कित्येक दिवस घाम फुटायचा, मध्येच उठून जायचो. मग कापूस. मग कापड. आणि शेवटी कुकर.

कुकर परत लावायचा हे मॅडमनीच सांगितलं होतं. आधी दारं लावून, मी बाहेरच्या सोप्यात. मग दार किलकिलं. आवाज आला की श्वास सावकाश सोडायचा आणि ते काय आहे ते मोठ्यानं म्हणायचं.

“कुकर,” मी म्हणायचो. “डाळ. घर.”

शालन आतून साथ द्यायची, “कुकर. डाळ. घर.” आईला ऐकू यायचं नाही, ती आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघायची आणि कपाळाला हात लावायची.

हात पेटायचाच. पण पूर्वी संध्याकाळपर्यंत जळायचा, तो आता डाळ खाली उतरेपर्यंत निवायला लागला. मला वाटायला लागलं, कुत्रा माणसं ओळखायला शिकतोय.

मग ती सकाळ आली.

थंडीचे दिवस होते. मी सोप्यात आरशासमोर बसलो होतो. आत आवाज झाला. लांब, दाबून सोडलेला सुस्कारा. हात भडकला. मी डोळे मिटले, श्वास सोडला आणि शिकवल्याप्रमाणं म्हणालो, “कुकर. डाळ. घर.”

शालनची साथ आली नाही.

आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. “कुकर,” मी पुन्हा म्हणालो, “डाळ...” आणि तिथंच माझी जीभ थांबली. शालन अंगणवाडीत कामाला गेली होती. मीच तिला दारापर्यंत सोडलं होतं. गॅस बंद होता. घरात मी होतो आणि आई होती.

आणि कुकरचा सुस्कारा असा चढत, उतरत, पुन्हा चढत नाही.

मी उठलो. स्वयंपाकघर रिकामं. मागचं दार उघडं. मागच्या पडवीत, उन्हाच्या तिरिपेत, आई पोत्यावर बसून, मांडीवर सूप घेऊन पावटे सोलत होती. तिची पाठ लाकडांच्या ढिगाकडं. आणि त्या ढिगाच्या बुडाशी, तिच्या कमरेपासून हातभर अंतरावर, ती वेटोळं घालून बसली होती. अंग फुगलेलं. मान मागं खेचलेली. फुत्कार इतका मोठा की माझ्या छातीत घुमत होता, आणि माझी आई शांतपणे शेंगा सोलत होती.

हाक मारून उपयोग नव्हता. ऐकू गेलं असतं तर ती “आँ?” म्हणून वळली असती, मागं हात टेकून. तेवढं पुरे होतं. पाय आपटला तर घोणस उडी घेणार. साप धरायची माझी आकडी इकबालकडं होती.

मी उंबऱ्यावर उभा होतो आणि माझा पाय उचलत नव्हता. हात असा जळत होता की डोळ्यांपुढं काळं येत होतं. मनात एकच, आई म्हणाली तसंच झालं. आली. हात शोधत आली. मी एक पाऊल मागं गेलो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण गेलो.

तेवढ्यात सुपातली एक शेंग घरंगळली आणि आईच्या मागं गेली. न बघताच तिनं ती शोधायला हात मागं नेला.

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी पडवीत होतो. आईचा दंड धरून मी तिला उचललं, ओढलं, जशी काय ती पोतं होती. सूप उडालं. काहीतरी सपकन सुपावर आदळलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात एकमेकांवर पडलो आणि मी पायानं दार लोटलं.

“मेले गं बाई!” आई ओरडली. “दंड उपटलास की माझा! याड लागलं का काय रं तुला?”

मी तिचे पाय बघत होतो, हात बघत होतो, लुगड्याचा काठ उलटून बघत होतो. कुठंही दाताची खूण नव्हती. मी तिला खिडकीशी नेऊन बोटानं दाखवलं. तिनं बघितलं. मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

फोन केल्यावर इकबाल आला. त्यानं ती बिनबोभाट धरली, बरणीत घातली, झाकण फिरवलं. जाताना मला म्हणाला, “भाऊ, सोडायला येताय?”

मी नको म्हणालो.

“माझ्यामागं आली ना?” मी आईच्या कानाशी ओरडलो. आता तिनंच काय ते सांगावं, असं मला झालं होतं.

आईनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. “तुज्यामागं आली आसती तर माज्यापाशी कशाला बसली आसती? लाकडात उंदरं झाल्यात. आणि ऊन लागतंय तितं.” मग जरा थांबून ती म्हणाली, “तिचं तिला काय पडलंय तुज्या हाताचं.”

हात बरा झाला का, असं लोक आजही विचारतात. पुढच्या एक-दोन वर्षांत मी पुन्हा तार गुंडाळायला लागलो, आधी पंख्याच्या छोट्या मोटारी, मग पंपाच्या. पण थंडी पडली की अजून जळतो. दमलो, कुणाशी भांडलो, की जळतो. साप मात्र मी पुन्हा धरला नाही. मॅडमकडं मी बरेच महिने जात राहिलो. एका दिवसात काही झालेलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ही हकिगत ऐकून लोकांना तसं वाटतं.

पण त्या संध्याकाळी काहीतरी झालं हे खरं.

हात सपाटून जळत होता. मी सोप्यात तो मांडीवर घेऊन बसलो होतो. शालन अंगणवाडीतून आल्यापासून आईजवळच होती. ती आईच्या दंडाला तेल लावत होती आणि मध्येच तिनं मला हाक मारली. “अहो, इकडं या.”

आईनं चोळीची बाही वर सारली होती. तिच्या सुरकुतलेल्या दंडावर काळीनिळी बोटं उमटली होती. पाचही. अंगठ्याची खूण सगळ्यांत गडद.

“लई लागलं का?” मी तिच्या कानाशी विचारलं.

“ह्यो कुठला हात तुजा?” त्या खुणांवर बोट ठेवत आई म्हणाली.

“डावा.”

“डाव्यानं तू दाराची चौकट धरलीवतीस. मी बघितलंय. पडताना मी चौकटीवरच्या हाताकडंच बघत हुते.”

शालननं माझ्याकडं बघितलं. वर्ष झालं, उजव्या हातानं मी चमचा उचलला नव्हता. शर्टाची बाही घातली नव्हती. मी ते क्षण पुन्हा पुन्हा आठवून बघितले. उंबऱ्यावर जळणारा हात आठवत होता. नंतर जळणारा आठवत होता. मधला नव्हता. त्या मधल्या वेळात तो फक्त हात होता.

मी आईसमोर बसलो. उजवा पंजा पुढं केला, थांबलो, पुन्हा पुढं केला आणि सावकाश तिच्या दंडावर ठेवला, बोटांच्या खुणांवर बोटं. नेमकी बसली. पंजा पेटला. कपाळावर घाम आला. तेल, कातडी, तिच्या अंगाची ऊब, सगळं मिळून निखाऱ्यासारखं लागत होतं आणि मी तो उचलला नाही.

आईनं आपला दुसरा हात माझ्या हातावर ठेवला आणि दाबून धरला.

मी ओरडलो. शालन दचकून उठली. आईनं हात काढला नाही. तिला ऐकू आलं नसेल, किंवा आलंही असेल.